एकशे वीसच्या आतला आनंद

मोटारींची तुलना करणारे लेख मी कित्येक वर्षे नेमाने वाचत आलो आहे. कादंबरी लिहिणाऱ्याने असले काही वाचावे का, असे एकदोन स्नेही विचारतात. त्यांना मी सांगतो की दोन प्रतिस्पर्ध्यांमधला संघर्ष इतक्या थोड्या शब्दांत रंगवलेला हल्ली अन्यत्र फारसा सापडत नाही. मात्र या लेखांना एक खोड आहे. त्यांत पहिल्यांदा छापला जातो तो शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरपर्यंत पोचायला लागणाऱ्या सेकंदांचा आकडा, आणि शेवटपर्यंत निवाडा त्याच्याच भोवती फिरत राहतो. जणू गिऱ्हाईक घराच्या फाटकातून निघते ते थेट शर्यतीच्या ट्रॅकवरच जाते!

आमच्या धंतोलीत फाटकातून निघालेला माणूस पहिल्यांदा थांबतो तो रुग्णालयापुढे आडव्या लावलेल्या रिक्षेपाशी. गल्लीच्या दोन्ही बाजूंना मोटारी, मध्ये औषधाच्या दुकानासमोर स्कूटर आणि मागून अँब्युलन्सचा भोंगा. इथे साडेआठ सेकंदांची गाडी आणि अठरा सेकंदांची गाडी एकाच वेळी वर्धा रोडला लागतात. म्हणून म्हणतो, ज्या गाड्यांना इंग्रजी मासिके 'हॉट हॅच' म्हणतात, त्यांची तुलना आपल्या रस्त्यांच्या फूटपट्टीने एकदा करून पाहायला हवी. निकाल वेगळा लागतो.

हा प्रकार मुळात काय आहे, ते थोडक्यात सांगतो. घरची साधी, मागे दार असलेली छोटी गाडी घ्यायची, तिच्यात जोरकस इंजिन बसवायचे, सस्पेन्शन घट्ट करायचे, ब्रेक सुधारायचे आणि बाकी सारे तसेच ठेवायचे. सोमवार ते शनिवार भाजी, शाळा, कचेरी. रविवारी मालकाची हौस. फोक्सवॅगनने १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय मांडली तेव्हा फार तर पाच हजार खपतील असा कंपनीचा हिशेब होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. त्या गाडीत ११० अश्वशक्ती होती आणि वजन आठशे किलोंच्या आसपास. आजच्या मानाने दोन्ही आकडे किरकोळ. पण एकाच गाडीत दोन गाड्या मिळण्याची ती युक्ती लोकांना पटली होती.

पुढे युरोपात काय झाले? प्रत्येक कंपनीला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर आपलीच गाडी सगळ्यात वेगवान हवी झाली. वीस किलोमीटरांहून लांब असा हा डोंगराळ ट्रॅक. रेनॉने २०१९ साली मेगान ट्रॉफी-आर नावाची गाडी तिथे सात मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत फिरवली. २०२३ मध्ये होंडाच्या सिव्हिक टाइप-आरने तो विक्रम जेमतेम अर्ध्या सेकंदाने मोडला. त्या अर्ध्या सेकंदाच्या झटापटीत रेनॉने वजन वाचवण्यासाठी मागचे आसनच काढून टाकले होते. आता ज्या हॅचबॅकला मागे बसायलाच जागा नाही, तिला हॅचबॅक का म्हणायचे? आजीला कुठे बसवायचे? ट्रॅकचा विचार टोकाला नेला की गाडी घरची उरत नाही, एवढे त्यावरून मला कळले.

आपल्याकडे गोष्ट उलटी घडली. आपल्या हॉट हॅचचे शिल्पकार इंजिनिअर नव्हेत, अर्थखाते आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पण छोटी गाडी कोणती? लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. पुढे वस्तू व सेवा कर आला, २०२५ च्या सप्टेंबरात त्याचेही दर बदलले. ती रेषा मात्र तिथेच राहिली. आयुष्यभर बँकेत नियमांच्या चौकटीत माणसे कशी बसवतात हे पाहिलेल्या मला या रेषेचे फार कौतुक वाटते. कारण इथे निघालेली प्रत्येक चपळ गाडी या रेषेच्या अलीकडे अंग चोरून उभी आहे, नाहीतर ती ओलांडल्याची किंमत भरते आहे.

फोक्सवॅगनची पोलो जीटी २०१३ साली आली ती ११९७ सीसीचे टर्बो इंजिन घेऊन. रेषेला तीन सीसी बाकी! फियाटची पुंटो अबार्थ २०१५ मध्ये आली तेव्हा लांबीला चार मीटरच्या आत होती, पण इंजिन १३६८ सीसीचे. तिच्यावर कर जास्त. तरी दहा लाखांच्या आत १४५ अश्वशक्ती देणारी तेव्हा दुसरी गाडी नव्हती. गंमत म्हणजे पोलो तयार होई चाकणला आणि पुंटो रांजणगावला. पुढे टाटांची अल्ट्रोझ पिंपरीहून निघाली. एका पुणे जिल्ह्यात हे सारे प्रतिस्पर्धी वाढले, आणि मराठी वाचकाला त्यांची कुळकथा सांगायला मात्र कोणी नाही.

पोलो आणि पुंटो या जोडीवर जरा रेंगाळतो, कारण तीच मला खरी अटीतटीची जोडी वाटते. दोन्ही गाड्या मी चालवल्या आहेत. पोलो माझ्या भाच्याची आणि पुंटो त्याच्या मित्राची. कागदावर पुंटो चाळीस अश्वशक्तींनी पुढे. पण तिचा टर्बो जागा व्हायला वेळ लागे. इंजिनाचे फेरे दोन-अडीच हजारांवर जाईपर्यंत ती एखाद्या आळशी हत्तीसारखी चाले आणि मग एकदम उधळे. क्लच जड, बर्डीच्या गर्दीत गुडघ्याची परीक्षा पाहणारा. स्टिअरिंग मात्र असे, की रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळावा. चारही चाकांना डिस्क ब्रेक. पोलोची तऱ्हा वेगळी. १०५ अश्वशक्ती, पण खालपासून सरळ, सलग मिळणारी. दोन क्लचचा स्वयंचलित गिअर, पाय मोकळा. पुंटोत चालक सतत कामात असे, तर पोलोत त्याला आजूबाजूचे शेत दिसे. मोकळा ट्रॅक दिला तर पुंटो पोलोला सहज मागे टाकेल यात शंका नाही. पण धंतोली ते अमरावती जायचे तर मी किल्ली पोलोची मागेन. फियाटने काही वर्षांत इथला पसारा आवरला आणि चाकणहून पोलो निघणेही २०२२ साली थांबले. दोघींनाही आता जुन्या बाजारात शोधावे लागते. चांगली सापडली तर विकणारा भाव खाली करत नाही, हा भाच्याचा अनुभव.

मधल्या काळात मारुतीने २०१७ मध्ये बलेनो आरएस आणली, टाटांनी २०१८ मध्ये टियागो जेटीपी. दोन्ही प्रामाणिक प्रयत्न होते, दोन्ही लवकर आटोपले.

मग आली दुसरी जोडी. ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ मध्ये आणि टाटांची अल्ट्रोझ रेसर जून २०२४ मध्ये. दोघींची अश्वशक्ती १२०, दोघींना तीन सिलिंडर, रेटा एकीचा १७२ न्यूटन मीटर तर दुसरीचा १७०. पत्रिका इतक्या जुळल्यावर निवाडा ट्रॅकवरच होणार. नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, याने २०२४ मध्ये कोइमतूरच्या ट्रॅकवर दोन्ही गाड्या फिरवल्या आणि टाटांची गाडी सुमारे दोन सेकंदांनी पुढे निघाली. टाटांनी त्याची जाहिरात केली, ती करायलाच हवी होती. पुण्याच्या गाडीने बाजी मारली म्हणून मलाही बरे वाटले.

पण जरा थांबा. ज्या गाडीने ट्रॅकवर दोन सेकंद वाचवले, तिच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. हरलेल्या एन लाइनला चारही डिस्क. अव्वल दर्जाच्या शर्यतपटूला चार किलोमीटरांच्या फेरीत त्याचा तोटा झाला नसेल. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना, गाडीत चार माणसे आणि डिकीत सामान असताना, वळणामागून वळण येत राहते आणि ब्रेक तापत जातात. तिथे मला डिस्क हव्यात. एन लाइनचे सस्पेन्शनही घट्ट आणि तरी बोचरे नाही. रेसरमध्ये मागे बसणाऱ्याला जागा अधिक, दार सताड उघडते, वयस्कर माणसाला चढायला सोपी; आणि टक्करीतल्या सुरक्षिततेबद्दल अल्ट्रोझला २०२० सालीच पाच तारे मिळालेले. तेव्हा माझा निकाल असा: ट्रॅकवर रेसर, घाटात एन लाइन. ज्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत त्याने पुन्हा रेसरच.

आता थोरल्या घराण्याकडे वळू. गोल्फ जीटीआय स्वतः २०२५ च्या मे महिन्यात भारतात आली. २६५ अश्वशक्ती, शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत, किंमत सुमारे ५३ लाख. पहिल्या तुकडीच्या दीडशे गाड्या बघता बघता गेल्या. तत्पूर्वी २०१६ मध्ये पोलो जीटीआय नावाची तीनदारी गाडी पंचवीस लाखांवर किंमत लावून आणली होती. फक्त नव्याण्णव नग आणूनही पुढच्या वर्षी किंमत वीस लाखांच्या आत आणावी लागली. गोल्फचे तसे झाले नाही, म्हणजे पैसा वाढला आहे. पण जुन्या सवयीने मी हिशेब मांडतोच. पन्नास लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षे मुदत: महिन्याचा हप्ता ऐंशी हजारांवर. तारण कोणते, तर शोरूमच्या दारातून बाहेर पडताक्षणी किंमत घसरणारी वस्तू. मंजूर करताना माझा हात अडखळला असता. मात्र माझा आक्षेप पैशाचा नाही, ज्याच्याकडे आहे त्याने खुशाल घ्यावी. आक्षेप असा की या गाडीची खरी मजा जिथे सुरू होते, तिथे आपला कायदा संपलेला असतो. तिसऱ्या गिअरमध्ये ती जे करते, त्याला महाराष्ट्रातला कुठलाही रस्ता पुरा पडत नाही.

"मामा, समृद्धी आहे ना!" असे भाचा म्हणतो. इथेच माझे आणि त्याचे वाजते.

समृद्धी महामार्ग आमच्या नागपूरच्या वेशीवर शिवमडक्याला सुरू होतो. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये शेवटपर्यंत खुला झाला. ७०१ किलोमीटर. आखणी ताशी दीडशेच्या वेगाची, मोटारींना परवानगी एकशे वीसची. हौशी मंडळी या दोन आकड्यांमधले तीस किलोमीटर म्हणजे सरकारने आपल्यासाठी ठेवलेली सवलत समजतात. हिशेब करा. एकशे वीसवरून दीडशेवर जाताना वेग वाढतो पाव पट, पण थांबवायची ऊर्जा वाढते दीड पटीहून अधिक. दीडशेला गाडी सेकंदाला जवळपास बेचाळीस मीटर जाते. समोरचा ट्रक मार्गिका बदलतो आहे हे डोळ्यांनी मेंदूला कळवेपर्यंत एवढे अंतर कापून झालेले असते. त्यात तापलेले सिमेंट, कमी हवेचे टायर आणि तासन्‌तास सरळ रस्ता पाहून येणारी गुंगी. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून निघालेली बस पेटून पंचवीस माणसे गेली. त्या अपघाताचा शर्यतीशी संबंध नव्हता, पण त्यानंतर या शहरातल्या आयांनी मुलाला 'पोचलास की फोन कर' म्हणताना आवाज बदलला, तो मी ऐकला आहे.

शिवाय, आणि हे हौशी माणसाने तरी ऐकावे, समृद्धीवर या गाड्यांची परीक्षाच होत नाही. सरळ रस्त्यावर एकशे वीसला माझ्या शेजाऱ्यांची साधी सेडानही धावते. घट्ट सस्पेन्शन, बोलके स्टिअरिंग, खालपासून मिळणारा रेटा यांची चव कळते ती वळणावर आणि चाळीस-साठच्या वेगात. दुसरा गिअर, डावे वळण, थोडा ब्रेक, पुन्हा रेटा. काट्याने साठ ओलांडलेले नाहीत आणि तळहात घामेजले आहेत. छोट्या, कमी अश्वशक्तीच्या गाडीचे हे सुख मोठ्या गाडीला मिळत नाही, कारण तिला साठला झोप येते. कराच्या त्या रेषेने नकळत आपल्यावर उपकार केले ते हेच. आपल्या रस्त्यांवर बसणारी गाडी तिने तयार करवून घेतली.

भाच्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याला वेग हवा आहे, आणि हवासा वाटणे हा काही गुन्हा नाही. त्याने तो कुठे भागवायचा? ह्युंदाईचा कारखाना आणि चेन्नईचा शर्यतीचा ट्रॅक एकाच इरुंगट्टुकोट्टई गावात आहेत. आमच्यासाठी चेन्नई काय किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक काय, हजार किलोमीटरांची वाट. तिथे जाऊन, फी भरून, अर्धा दिवस फेऱ्या मारून परत येणारा पगारदार मुलगा मला अजून भेटलेला नाही. रात्री दोन वाजता शिवमडक्याला जाणारे मात्र भेटतात. मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम सार्वजनिक जागी शर्यत लावणाऱ्याला दंड आणि कैद सांगते. पण त्याच कलमात राज्य सरकारच्या लेखी संमतीने ती घेता येते, असेही लिहिले आहे. ही सोय कोणी मागितल्याचे नागपुरात ऐकिवात नाही.

मागायला हरकत काय आहे? फार मोठा ट्रॅक नको. शहराबाहेर एखादा रुंद, दोन्ही तोंडांना बंद करता येणारा रस्ता किंवा पटांगण, महिन्यातला एक रविवार, सकाळी सहा ते दहा. एका वेळी एकच गाडी. सिमेंटवर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणे आखलेली, डोक्याला हेल्मेट सक्तीचे, टायर आणि ब्रेक तपासल्याशिवाय प्रवेश नाही. भरधाव सरळ पट्टा ठेवूच नये, म्हणजे १२० अश्वशक्तीवाला २६५ अश्वशक्तीवाल्याशी बरोबरीने झुंजेल आणि कदाचित जिंकेलही. फी एका टाकी पेट्रोलइतकी ठेवावी. एक अग्निशमन गाडी लागेल, दोन अँब्युलन्स लागतील. अँब्युलन्स आमच्या धंतोलीतून सकाळी सहाला सहज निघू शकते, तेवढा एकच वेळ रस्ता मोकळा असतो.