कोड झाकू नका, दाखवा

अंगावर कोडाचा पहिला डाग उमटला की घरात आधी खाण्यापिण्याची चौकशी होते. दुधावर मासे खाल्ले का, आंबट जास्त झाले का? मग बाह्या लांब होतात, सोयरिकीची चिंता सुरू होते आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे सर्वांत शेवटी सुचते. उपचारासाठी सर्वांत मोलाचा काळ असा झाकाझाकीत जातो.

कोड बहुधा होते ते आपल्याच संरक्षक टी-पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटतात म्हणून. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन सोडतात. ‘जॅक’ नावाची विकरे त्या प्रथिनाचा निरोप त्वचेच्या पेशींच्या आत पोचवतात आणि त्या पेशी आणखी टी-पेशींना बोलावणे धाडतात. या चक्राने डाग पसरतो. रुक्सोलिटिनिब हे औषध नेमकी जॅक विकरे रोखते. अमेरिकेत ते २०११ मध्ये मायलोफायब्रोसिस या अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी मंजूर झाले आणि जुलै २०२२ मध्ये त्याच औषधाच्या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली. चाचण्यांमध्ये दहापैकी सुमारे तीन रुग्णांच्या चेहऱ्यावरचे कोड २४ आठवड्यांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक भरून आले.

कर्करोगाशी दुसरा धागाही आहे. मेलॅनोमा हा रंगपेशींचाच कर्करोग. त्यावर प्रतिकारशक्ती जागवणारे उपचार घेताना काही रुग्णांना कोडासारखे डाग येतात, आणि अशांना उपचार अधिक लागू पडल्याचे दिसते. कोडात जो हल्ला थोपवायचा, तोच मेलॅनोमात हवा असतो. म्हणून एका आजारावरचे संशोधन दुसऱ्याच्या कामी येते.

घाई का करायची, ते डागाकडे नीट पाहिले की कळते. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो. उपचार लागू पडला की पांढऱ्या डागात केसांभोवती मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटतात आणि वाढत वाढत एकमेकांना मिळतात. डागावरचे केसही पांढरे झाले असतील, तर हा साठा आटत आलेला असतो आणि रंग परतणे अवघड होते. मुळात केसच नसलेल्या बोटांच्या टोकांवरही तीच अडचण.

नवे मलम सर्वांना परवडणारे नाही आणि ते मनाने लावण्याचेही नाही. पण अतिनील किरणांचा उपचार जुना आणि उपयोगी आहे. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन् महिने जावे लागते. रोजंदारी बुडवून दर खेपेला मोठे शहर गाठणे गरिबाला जमणार नाही. ही सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवी.

कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे आणि ते शिवल्याने होत नाही. ‘नितळ’ चित्रपटाने २००६ मध्येच हा विषय मराठी पडद्यावर आणला. तरीही डागामुळे लग्ने मोडतात. ही भीती गेल्याशिवाय डाग वेळेत डॉक्टरांपुढे येणार नाही, आणि वेळ गेली तर उत्तम औषधही अपुरे पडेल.