सूर्य सर्वांचा, गायरान कोणाचे?



दीक्षा घेऊन तुम्ही गावकीची कामे टाकलीत, जोहार टाकलात, देव्हारे रिकामे केलेत. हे करण्याचे बळ तुमच्या अंगी कोठून आले? मनातून आले हे खरे; परंतु ज्या घरी दोन पायल्या ज्वारी स्वतःच्या कष्टाची होती, त्या घराची मान अधिक ताठ राहिली हेही तितकेच खरे. ही ज्वारी पुष्कळ गावी गायरानातली होती. विदर्भात तिला ई-क्लास म्हणतात, कोठे मुलकी पड म्हणतात. नाव काहीही असो, खडक फोडून, धोंडे वेचून ती जमीन आपल्या आयाबापांनी पिकाखाली आणली. तीच जमीन आज सूर्याच्या नावाने मागितली जात आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सौर विजेला आमचा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. कोळशाच्या राखेखाली कोण राहतो हे चंद्रपूर-कोराडीकडील आपल्या वस्त्यांना कोणी समजावून सांगावयास नको. आणि विजेचे महत्त्व आम्हांस कोणी शिकवावे? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वीजनिर्मितीच्या राष्ट्रीय धोरणाचा पाया घातला. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून या देशातील दारिद्र्य हटणार नाही, अशी मांडणी त्यांनी १९४३ साली केली. परंतु त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी व जातपात न पाहता ती गावकऱ्यांस कसावयास द्यावी, कोणी भूमिहीन मजूर उरू नये, अशी मागणी केली. आजच्या सत्ताधाऱ्यांनी पहिले बाबासाहेब उचलले आणि दुसऱ्यांना पुतळ्याच्या चौथऱ्यावरच ठेवले!

आता हिशेब पाहा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली. २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतीच्या पंपास दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू, आणि तो चांगला आहे. रात्री पाणी भरताना सर्पदंशाने मेलेले शेतकरी आम्हीही पाहिले आहेत. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते, आणि योजनेचे उद्दिष्ट १६,००० मेगावॅटपर्यंत गेले आहे. खाजगी मालकाने जमीन दिली तर त्यास हेक्टरी वर्षाला किमान १ लाख २५ हजार रुपये भाडे व दरसाल ३ टक्के वाढ. म्हणजे चार एकरांच्या धन्यास घरबसल्या सुमारे दोन लाख. सरकारी जमीन मात्र नाममात्र एक रुपया वार्षिक भाड्याने! प्रकल्प आलेल्या ग्रामपंचायतीस वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे प्रोत्साहन. त्या सरकारी जमिनीवर जो तीस-चाळीस वर्षे नांगर धरून उभा आहे, त्यास काय? त्यास नोटीस. कागदावर तो अतिक्रमक आहे ना!

आणि ही वीज जाते कोणाकडे? ज्याच्याकडे विहीर आहे, पंप आहे, सातबारा आहे त्याच्याकडे. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली. सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटींचा भार. लहान शेतकऱ्याला ही सवलत मिळाली याचा आम्हांस हेवा नाही. परंतु ज्याच्याजवळ पंपच नाही त्याची जमीन घेऊन पंपवाल्याला वीज द्यावयाची, यास कोणता न्याय म्हणावे?

याहून मोठा विनोद पुढे आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांस चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत द्यावी, अशी योजना २००४ पासून आहे. तिला नाव दिले कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे. तुम्ही अर्ज घेऊन जा. जमीन विक्रीस मिळत नाही, हे उत्तर ठरलेले. चार एकर! म्हणजे एका मेगावॅटपुरती जमीन. ती आपल्या विधवा भगिनीसाठी सापडत नाही आणि कंपनीसाठी एका रुपयात सापडते. दादासाहेबांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला, बायामुलांसह लोक तुरुंगात गेले, ते याच पडीक जमिनींसाठी. त्यांच्या नावाची पाटी लावून त्यांनी मागितलेली जमीन दुसऱ्यास देणे, हे ढोंग नव्हे तर काय?

पैशाचेही तेच. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळविले गेले. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्याने जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे द्या, जरूर द्या. आपल्याही बहिणी त्यांत आहेत. पण वसतिगृहातल्या मुलाच्या ताटातून काढून का? आणि मंत्रिपद न सोडता केलेली नाराजी आम्ही किती मोलाची समजावी?

सरकार म्हणेल, जमीन आणावी कोठून? शासकीय इमारतींची छपरे आहेत, कालवे आहेत, उद्योगांसाठी घेऊन पडून राहिलेले भूखंड आहेत. त्यांवर खर्च अधिक येतो, हे आम्ही जाणतो. स्वस्त वीज हवी तर किंमत कोणीतरी मोजणारच; ती नेहमी आम्हीच मोजावी एवढेच आम्हांस अमान्य आहे. गायरान घ्यावयाचेच असेल तर कसणाऱ्यांची सहकारी संस्था करून त्यांसही खाजगी मालकाइतकेच भाडे द्या.

कायदाही सर्वस्वी आपल्याविरुद्ध नाही. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, अंमल मात्र अर्धवट. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगताना भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींस शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मानला आहे.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना एक-ई ची नक्कल मागा. तुमच्या वडिलांचे नाव तीत आहे का पाहा. दंडाच्या जुन्या पावत्या ट्रंकेतून काढा, त्या फेकू नका. शिक्षा म्हणून दिलेली ती पावतीच आज तुमच्या कब्जाचा पुरावा आहे. ग्रामसभेत सौर प्रकल्पाचा ठराव येईल त्या दिवशी मजुरीस जाऊ नका, घरातील स्त्रियांसह हजर राहा, आणि तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.