एका कोयत्याला किती हात?

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या कर्जत तालुक्यातल्या शाळांचे पट हलायला लागतात. कोरडवाहू गावांतली काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघून जातात. भीमेच्या काठच्या बागायती गावांत मात्र उलटं होतं. तिथं दुसरीकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि त्यांतली दोन-चार मुलं आमच्या वर्गात येऊन मागच्या ओळीत बसतात. आज सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका मुलीची. नाव नाही सांगत.

पाचवीला सरासरी शिकवत होते. सगळ्यांची बेरीज करायची आणि जितके असतील तितक्यांनी भागायचं, एवढंच तर असतं! पण नुसते चेंडू नि पेरू मोजून मुलं कंटाळतात, म्हणून मी फळ्यावर खरे आकडे लिहिले. आपली रिझर्व्ह बँक राज्याराज्यांच्या आकडेवारीचं एक जाडजूड पुस्तक काढत असते. त्यात खेड्यातल्या शेतमजुराला दिवसाला किती रोज मिळतो, तेही असतं. २०२२-२३ साली केरळात हा रोज साधारण ७६४ रुपये होता, मध्य प्रदेशात २२९. आपल्या महाराष्ट्रात ३०३, आणि साऱ्या देशाची सरासरी ३४६.

"बाई, एकाच देशात तिप्पट फरक?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला. आहे खरा. केरळात मजुरांच्या संघटना जुन्या आणि बळकट आहेत. शिवाय तिथली कितीतरी माणसं आखाती देशांत कामाला गेलेली, त्यामुळे शेतात माणूस मिळणं अवघड. मग बंगाल, आसामहून मजूर तिकडं जातात. ऊन तेच, कुदळही तीच, पण गाव बदललं की दाम बदलतो. आणि हो, एक गोष्ट मी मुलांना सांगायची विसरणारच होते. हे सगळे आकडे पुरुषांच्या रोजाचे आहेत बरं का!

तेवढ्यात मागची ती मुलगी उभी राहिली. म्हणाली, "आमच्यात रोज नसतो बाई. टनावर असतं."

मग तिचंच गणित फळ्यावर घेतलं. ऊसतोडीचा दर कारखाने आणि मजुरांच्या संघटना यांच्यात बोलणी होऊन ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनामागे २७३ रुपयांचे ३६६ झाले. (ताळा करून पाहा, जमतो.) आता समजा, एका कोयत्यानं दिवसभरात दोन टन ऊस तोडला. ३६६ गुणिले दोन, म्हणजे ७३२.

"अरे वा, केरळच्या जवळ गेलो की!" वर्गात आनंदीआनंद.

"पण कोयत्यात दोघं असत्यात," ती म्हणाली.

शहरातल्या माझ्या वाचकांना हे ठाऊक नसेल. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटाच माणूस आला तर तो अर्धा कोयता! हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात तीसुद्धा कोयत्यावर, आणि शेवटी हिशेब होतो तोही कोयत्याचा. तो बहुधा नवऱ्याच्या नावानं. म्हणजे ७३२ भागिले दोन. आलो परत ३६६ वर.

आणि तास? ते तर आम्ही मोजलेच नव्हते. अंधारातच फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून ट्रॉली भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आपण बाराच तास धरू. ३६६ भागिले बारा, म्हणजे ताशी साडेतीस रुपये. रोजगार हमीच्या कामावर २०२४-२५ साली महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये दर होता, विसाव्यासकट आठ तासांच्या कामाचा. म्हणजे ताशी सदतीस! मघाशी जो आकडा मोठा वाटला, तोच तासांनी भागल्यावर लहान निघाला.

तासांसाठी माणसं फार पूर्वीपासून भांडत आली आहेत. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी हक्काची आठवडी सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केलं, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ऊसतोडीच्या हंगामात मात्र अजून रविवार उगवत नाही. एक दिवस ताप आला तर त्या दिवसाचा खाडा धरतात आणि पैसे कापतात.

पालकहो, तुमच्याशीही एक शब्द. बाई-पुरुषांना समान कामाला समान मजुरी, हा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला. पण कोयत्यात बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. मग ती समान आहे की नाही, हे ताडून पाहायचं तरी कशावरून? मला याचं उत्तर वर्गात देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं वही दाखवली. घरचा अभ्यास मी दिलाच नव्हता, तिनं आपणहून केलेला. आई पहाटे तीनला उठते. भाकरी, पाणी, फड, मोळ्या, परत चूल. संध्याकाळी सातला तिच्या भाकरी थापून होतात. झाले सोळा तास. खाली भागाकार मांडला होता: ३६६ भागिले १६. भागाकार बावीस, बाकी चौदा.

"बाई, ह्या उरलेल्या चौदांचं काय करायचं?"

म्हटलं, दशांश अपूर्णांक शिकलो की सांगते. तो धडा अजून दूर होता. तिथवर पोचायच्या आतच कारखान्याचा हंगाम संपला, कोप्या मोडल्या आणि टोळी गावाकडे निघून गेली. वही ती घेऊन गेली आहे.