टोलनाका चुकवणारं रक्त

अडाजण-पालच्या सोसायट्यांत आता पग, शित्झू, माल्टीज अशी छोटी कुत्री बरीच दिसतात. त्यातलं एखादं पिल्लू अंगच धरत नाही. जेवणानंतर भेलकांडतं, लाळ गाळतं, भिंतीला डोकं दाबून उभं राहतं. घरचे म्हणतात, "नाटकं करतंय!" पण दुखणं खरं असू शकतं.

आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी यकृतात जातं. यकृत म्हणजे टोलनाकाच. अमोनियासारखी घातक द्रव्यं तिथेच निकालात निघतात. काही पिल्लांत मात्र जन्मतःच एक आडवाट असते, पोर्टोसिस्टिमिक शंट. रक्त नाका चुकवून थेट हृदयाकडे जातं आणि तो अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो, म्हणून जेवणानंतर त्रास जास्त.

ही आडवाट पकडायची एक सुरेख युक्ती म्हणजे सिंटिग्राफी. माणसांच्या थायरॉइड स्कॅनला वापरतात तेच टेक्नेशियम-९९एम गुदद्वारातून किंवा सुईने प्लीहेत सोडतात आणि गॅमा कॅमेरा लावतात. निरोगी कुत्र्यात आधी यकृत उजळतं, काही सेकंदांनी हृदय. शंट असेल तर हृदय आधी! किती टक्के रक्त आडवाटेने गेलं, तेही मोजता येतं. टेक्नेशियमचा किरणोत्सर्ग दर ६ तासांनी निम्मा होतो, तरी साधारण एक दिवस कुत्र्याला वेगळं ठेवतात.

या चाचणीतून आडवाट आहे हे कळतं, पण ती नेमकी कुठे आहे हे नीट दिसत नाही. ऑपरेशनआधी सोनोग्राफी किंवा सीटी लागतंच. शिवाय गॅमा कॅमेरा आणि किरणोत्सर्गी औषधाचा परवाना प्राण्यांच्या साध्या दवाखान्यात कुठला असणार? म्हणून आपली सुरुवात सोप्या तपासणीने करायची: उपाशीपोटी आणि खाण्यानंतर दोन तासांनी रक्तातली बाइल ॲसिड्स. आकडे वाढलेले आले, तर पुढच्या तपासण्यांसाठी नवसारीच्या किंवा मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येईल.

आणि एक सांगतो. शंका आली म्हणून पनीर-अंडी स्वतःच्या मनाने बंद करू नका, वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतातच. किती आणि कुठली, ते डॉक्टर ठरवतील. लॅक्ट्युलोज आणि योग्य आहाराने त्रास आटोक्यात येतो, आणि ऑपरेशनने आडवाट हळूहळू बंद करता आली तर अनेक कुत्री पुढे छान जगतात. डॉक्टरांकडे जाताना पिल्लाचा जेवणानंतरचा व्हिडिओ मात्र न्या. दवाखान्यात ते हमखास शहाण्यासारखं वागतं!