सर्फेखास ते स्थगिती : धाराशिवची तिजोरी नेमकी कोणाची?

१/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, हे सर्वांना ठाऊक असते. तिजोरीच्या दृष्टीने धाराशिवमधला खरा सत्ताबदल मात्र त्यानंतर पाच महिन्यांनी, फेब्रुवारी १९४९ मध्ये झाला. सरकार बदलले की विकासकामांवर पडणाऱ्या ‘स्थगिती’चा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर या विस्मृत घटनेपासून सुरुवात करावी लागते. #इतिहास #धाराशिव

२/ हैदराबाद संस्थानातील मुलखाचे महसुलाच्या दृष्टीने तीन प्रकार होते. ‘दिवाणी’ मुलखाचा वसूल सरकारी खजिन्यात जाई, ‘जहागिरी’ मुलखाचा जहागीरदाराकडे, आणि ‘सर्फेखास’ मुलखाचा थेट निजामाच्या खासगी खात्यात. संस्थानाचा सुमारे दहावा हिस्सा सर्फेखास होता आणि आजच्या धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग त्यात मोडत होता.

३/ म्हणजे रयत सारा भरत होती, पण त्या पैशावर तिचा हक्क नव्हता. रस्ता, विहीर किंवा शाळा मिळालीच, तर ती मालकाची मेहेरबानी. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फेखास सरकारी मुलखात विलीन झाले. मोबदला म्हणून निजामाला वार्षिक २५ लाख रुपये ठरले. त्या दिवसापासून धाराशिवचा महसूल कोणाच्याही खिशातला राहिला नाही. निदान तत्त्व तरी तेच होते.

४/ पुढे या तत्त्वावर करारही झाले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधीवाटप आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचे वचन होते. १९५६ मध्ये राज्यघटनेतील अनुच्छेद ३७१(२) ने विकास मंडळांची तरतूद केली. निधी हा प्रदेशाचा हक्क आहे, सत्ताधाऱ्यांची कृपा नव्हे, हाच या दोहोंचा आशय.

५/ वचन पाळले गेले का? १९८४ च्या दांडेकर समितीने हिशेब मांडला : राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. अखेर १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. घटनेतील तरतूद प्रत्यक्षात उतरायला जवळपास चार दशके लागली!

६/ ३० एप्रिल २०२० रोजी या मंडळांची मुदत संपली आणि महाविकास आघाडी सरकारने ती वाढवली नाही. तेव्हा राज्यपालांकडे विधान परिषदेच्या १२ नियुक्त्यांची यादी अडली होती. ती मंजूर झाली की मंडळेही जाहीर होतील, असे तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये विधानसभेत सांगितले. राजभवन आणि मंत्रालयाच्या भांडणात मराठवाडा तारण ठेवला गेला.

७/ तेव्हाच्या विरोधकांनी यावर रान उठवले आणि ते योग्यच होते. मग तेच सत्तेवर आले. सप्टेंबर २०२२ मध्ये मंडळे पुनरुज्जीवित करण्याचा मंत्रिमंडळ निर्णय झाला. तरीही २०२४ ची विधानसभा निवडणूक मंडळांविनाच पार पडली. ज्या प्रश्नावर सभात्याग केला, तो प्रश्न सत्तेत आल्यावर तातडीचा उरत नाही, हे कोणत्याही एका पक्षाचे वैशिष्ट्य नव्हे.

८/ सत्ताबदलाचा फेरा जिल्ह्याच्या नावालाही चुकला नाही. २९ जून २०२२ रोजी मावळत्या सरकारने उस्मानाबादचे ‘धाराशिव’ करण्याचा निर्णय घेतला. बहुमत चाचणीचे आदेश निघाल्यानंतरचा निर्णय वैध नाही, असा आक्षेप घेऊन नव्या सरकारने १६ जुलै रोजी तोच निर्णय पुन्हा घेतला. नाव तेच, फक्त निर्णयावरची सही बदलली.

९/ नावाच्या बाबतीत यामुळे काही बिघडले नाही. रस्ते, बंधारे, शाळाखोल्या यांच्या बाबतीत बिघडते. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने १ एप्रिल २०२१ नंतर मंजूर झालेली, पण सुरू न झालेली राज्यभरातील कामे रोखली. जिल्हा नियोजनातील कामांनाही नव्या पालकमंत्र्यांची वाट पाहावी लागली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

१०/ जिल्हा नियोजन समिती ही पालकमंत्र्यांची खासगी बैठक नव्हे. अनुच्छेद २४३ झेडडी नुसार तिचे किमान चार-पंचमांश सदस्य पंचायती व नगरपालिकांतील निवडून आलेल्या प्रतिनिधींमधून यायला हवेत. प्रत्यक्षात मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि २०२५ सरेपर्यंत तिथे प्रशासकच होता. निधीवर भांडणारे पुष्कळ होते. ज्यांच्यासाठी निधी होता, त्यांचे प्रतिनिधीच नव्हते.

११/ २०२५ मध्ये तर सत्ताबदलाचीही गरज उरली नाही. धाराशिव जिल्हा नियोजन समितीच्या २०२४-२५ मधील अडीचशे कोटींहून अधिक रकमेच्या कामांना स्थगिती मिळाली. वाद सत्ताधारी आणि विरोधकांतला नव्हता, सत्तेतील भागीदारांमधलाच होता. ‘कोणाची कामे’ हा प्रश्न ‘कोणती कामे’ या प्रश्नाच्या पुढे गेला.

१२/ यावर एक प्रतिवाद होतो : जुन्या सरकारच्या खर्चाची तपासणी करण्याचा हक्क नव्या सरकारला नाही का? निश्चितच आहे. ‘जलयुक्त शिवार’वर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही अपेक्षित परिणाम दिसला नाही, असे कॅगने २०२० मध्ये नोंदवले. त्यावर चौकशी लावणे रास्तच होते.

१३/ पण पुढे काय झाले? २०२२ मध्ये सरकार बदलले आणि वर्षअखेरीस हीच योजना ‘२.०’ म्हणून परतली. एका बाजूसाठी ती भ्रष्टाचाराचे प्रतीक, दुसऱ्या बाजूसाठी कर्तृत्वाचे. या दोन घोषणांच्या मध्ये कॅगचे आक्षेप मात्र हरवले. तपासणीला कारण लागते, मुदत लागते आणि निष्कर्ष लागतो. स्थगितीला यांपैकी काहीच लागत नाही.

१४/ विलंबाची किंमत पाहायची असेल तर कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्प पाहावा. भूम, परंडा, तुळजापूर या पट्ट्यासाठी जीव की प्राण असलेले हे पाणी. मूळ नियोजन २३.६६ टीएमसी, पहिल्या टप्प्यात ७ टीएमसी. २००७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च पाच हजार कोटींच्या आत होता. तो पुढे अकरा हजार कोटींपार गेला. यातला प्रत्येक वाढीव रुपया करदात्याचा आहे.

१५/ यावर उपाय अवघड नाही. स्थगिती द्यायची तर प्रत्येक कामाचे कारण लेखी जाहीर व्हावे, मुदत ठरावी आणि त्या मुदतीत निर्णय न झाल्यास स्थगिती आपोआप उठावी. गैरव्यवहार असेल तर गुन्हा नोंदवावा, नसेल तर काम सुरू करावे. बंधाऱ्यावर कोणत्या सरकारची पाटी आहे, हे पाहून पाऊस पडत नाही.

१६/ १९४९ मध्ये एका मालकाच्या खात्यातून धाराशिवचा महसूल सोडवला गेला. तो पाच-पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने पक्षांच्या नावे लिहून देण्यासाठी नव्हे. पुढच्या वेळी ‘आमच्या सरकारने दिलेला निधी’ आणि ‘त्यांच्या सरकारने अडवलेला निधी’ अशी भाषा कानावर आली, तर ती कोणत्या पक्षाची आहे हे पाहण्याआधी एवढेच आठवावे : ही भाषा सर्फेखासची आहे.