कारखान्याची वीज जाते कुठे?

वीजबचतीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा छपरावरच्या सौर पॅनेलपाशी किंवा एलईडी दिव्यांपाशी थांबते. कारखान्यातली बहुतांश वीज मात्र दिव्यांत जात नाही, ती मोटरींत जाते. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेपैकी सुमारे 45 टक्के वीज मोटरींवर चालणाऱ्या यंत्रणा खातात, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा 2011 सालचा अंदाज होता. कारखान्यांपुरते पाहिले तर हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. पंप, पंखे, कॉम्प्रेसर, कन्व्हेयर, माग या सगळ्यांच्या मागे मोटर आहे. महाराष्ट्रासारख्या औद्योगिक राज्यात विजेच्या दरावर दर वर्षी वाद झडतो. घेतलेल्या विजेचे कारखान्यात पुढे काय होते, हा प्रश्न त्या वादात क्वचितच येतो.

एका साध्या हिशेबाने सुरुवात करू. वीस अश्वशक्तीची, म्हणजे 15 किलोवॅटची मोटर दिवसाला वीस तास आणि वर्षाला तीनशे दिवस पूर्ण भाराने चालते, असे धरा. जुन्या आयई1 श्रेणीची मोटर 88.7 टक्के कार्यक्षम असते, आयई3 श्रेणीची 92.1 टक्के. पहिली वर्षाला सुमारे एक लाख दीड हजार युनिट खाते, दुसरी सुमारे 97 हजार 700. युनिटला नऊ रुपये दर धरला, तर वर्षाला साधारण 34 हजार रुपयांचा फरक पडतो. पण या हिशेबातला खरा मोठा आकडा वेगळाच आहे. वीस अश्वशक्तीची ती एकटी मोटर वर्षाला नऊ लाखांची वीज खाते. एक-दोन महिन्यांच्या बिलात नवी मोटर येते. तरीही खरेदीच्या वेळी घासाघीस होते ती मोटरच्या किमतीवर, आणि कोटेशनमधली सर्वांत स्वस्त मोटर पुढची पंधरा-वीस वर्षे कारखान्याच्या माथी बसते.

मोटर जळाली की ती वाइंडरकडे जाते. उत्पादन थांबलेले असते, मालाची गाडी दारात उभी असते, त्यामुळे रिवाइंडिंग करून तीच मोटर दोन दिवसांत परत बसवणे मालकाला सोयीचे वाटते. त्यात चूक काही नाही. काम नीट झाले तर कार्यक्षमता टिकते. मात्र जुने वाइंडिंग काढण्यासाठी स्टेटर उघड्या ज्वाळेवर तापवला, तर लोखंडी पत्र्यांमधले इन्सुलेशन जळते. मग मोटर फिरते, पण आधीपेक्षा जास्त तापते आणि प्रत्येक फेरीत थोडी जास्त वीज पिते. तीन-चार वेळा अशी भरलेली मोटर नेमप्लेटवरच्या आकड्याच्या जवळपासही नसते. याचा दोष वाइंडरला देऊन भागणार नाही. औद्योगिक वसाहतींतल्या या कारागिरांना तापमान नियंत्रित करणाऱ्या भट्ट्या आणि चाचणीची साधने मिळाली पाहिजेत. त्यांच्या हातातले कौशल्य ही राज्याची मालमत्ता आहे.

आता मुख्य मुद्दा. नुसती मोटर बदलून मिळणारी बचत दोन-चार टक्क्यांची असते. मोठी गळती मोटरच्या पुढे होते. पंप पूर्ण वेगाने चालवायचा आणि पाणी जास्त होते म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद करायचा, पंखा पूर्ण वेगाने चालवायचा आणि डॅम्परने वारा अडवायचा, ही पद्धत कारखान्याकारखान्यांत दिसते. गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि वेग ब्रेकने सांभाळायचा, त्यातलाच हा प्रकार. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ऐंशी टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती निम्म्याजवळ, 51 टक्क्यांवर येते. मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी व्हीएफडी इथे जे काम करते, ते कोणतीही नवी मोटर एकटी करू शकत नाही.

दाबाखालच्या हवेची गोष्ट याहून वाईट आहे. देखभालीकडे दुर्लक्ष झालेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरची वीस ते तीस टक्के हवा जॉइंट आणि पाइपांतून गळून जाते. हवेचा दाब गरजेपेक्षा एक बार जास्त ठेवला, तर वीज सहा-सात टक्के जास्त लागते. गळती शोधायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद असताना कॉम्प्रेसर किती वेळा चालू होतो, हे मोजले तरी अंदाज येतो.

गळतीची जागा अशी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. म्हणून जो पुरवठादार प्रत्येक मोटरला व्हीएफडी लावा म्हणतो, त्याच्यापासूनही सावध राहिले पाहिजे. भार कायम एकसारखा असेल, तर व्हीएफडी काही वाचवत नाही, उलट स्वतःची दोन-चार टक्के वीज खाते. जुन्या मोटरच्या इन्सुलेशनवर आणि बेअरिंगवर तिचा ताण पडू शकतो. नव्या मोटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जास्त कार्यक्षम मोटर जुन्या मोटरपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरते. मिनिटाला 1,440 फेऱ्यांच्या जागी 1,465 फेऱ्या झाल्या, तर पंख्याची शक्तीची मागणी पाच टक्क्यांनी वाढते आणि मोटर बदलून मिळवलेली बचत तिथेच संपते. पुली बदलून वेग पूर्वीइतका केला, तरच पैसे वाचतात. मोटर, पट्टा, पंप आणि व्हॉल्व्ह ही साखळी एकत्र मोजल्याशिवाय खर्च करू नये, ते यासाठीच.

अशी साखळी पूर्ण बदलून दाखवणारा उद्योग महाराष्ट्राच्या मातीतलाच आहे. साखर कारखान्यांत उसाच्या मिल्स पूर्वी लहान वाफेच्या टर्बाइनवर आणि गिअरच्या लांबलचक मालिकेवर चालत. त्या टर्बाइनची कार्यक्षमता फार कमी होती. सहवीजनिर्मिती आली, बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून बनवलेली वीज विकता येऊ लागली, आणि हिशेब पालटला. अनेक कारखान्यांनी लहान टर्बाइन काढून मिल्सना मोटर, व्हीएफडी आणि प्लॅनेटरी गिअरबॉक्स बसवले. वाफ एका मोठ्या, कार्यक्षम जनित्राकडे वळवली. साखर वेगळी करणारी सेंट्रिफ्युगल यंत्रे ब्रेक लागताना वीज परत कारखान्याच्या वाहिनीत सोडू लागली. गळीत हंगाम जेमतेम काही महिन्यांचा असूनही हा खर्च परवडला, कारण वाचलेल्या प्रत्येक युनिटला गिऱ्हाईक होते.

इचलकरंजीत नेमके हेच गिऱ्हाईक नाही. 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी जिथे पहिला यंत्रमाग बसवला, त्या गावात आज माग आणि त्यांच्या छोट्या मोटरी यांची दाटी आहे. यंत्रमागधारकाला वर्षानुवर्षे सवलतीच्या दराने वीज मिळते. धंद्याची ओढाताण पाहता ती सवलत काढून घ्या, असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. पण युनिटमागे सवलत दिली की युनिट वाचवण्याचे कारण कमी होते, हेही खरे. ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राच्या वस्त्रोद्योग आणि ऊर्जा मंत्रालयांनी 'साथी' योजना आखली होती. कार्यक्षम माग, मोटरी आणि रेपियर किट आधी पैसे न भरता घ्यायचे आणि चार-पाच वर्षांत बचतीतून फेडायचे, अशी ती कल्पना होती. प्रात्यक्षिकांसाठी निवडलेल्या गावांत इचलकरंजी होती. बचत आणि फेड यांची अशी सांगड घालण्याची दिशा योग्य होती.

एलईडी बल्बची सरकारी घाऊक खरेदीतली किंमत 2014 मधल्या 310 रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत 38 रुपयांवर आली. मोटरींच्या बाबतीत घाऊक खरेदीचा तो मार्ग पुरेसा नाही. बल्ब घरातला कोणीही बदलतो. मोटर बदलण्याआधी तिच्यावर भार किती, ती गरजेपेक्षा मोठी आहे का, हे मोजणारा माणूस लागतो. 2012 पासूनच्या 'पॅट' योजनेने मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीची उद्दिष्टे दिली, आणि पहिल्या टप्प्यात ती ओलांडलीही गेली. लहान उद्योग त्या चौकटीबाहेर राहिले. विकल्या जाणाऱ्या नव्या मोटरींसाठी दर्जाचे आदेश आहेत, पण शेडमध्ये तीस वर्षे फिरणाऱ्या मोटरीला कोणताही आदेश शिवत नाही.

ऊर्जा दक्षता ब्युरोने जुलै 2025 मध्ये सुरू केलेल्या 'अदिती' योजनेत सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जावर पाच टक्के आणि मध्यम उद्योगांना तीन टक्के व्याजसवलत आहे, शिवाय ऊर्जा लेखापरीक्षणाला मदत आहे. ती महाराष्ट्रातल्या वसाहतींपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी राज्याची, महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेची आणि उद्योजकांच्या संघटनांची आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, सातपूर, भोसरी अशा प्रत्येक वसाहतीत मोजमापाची साधने आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ असलेले एक केंद्र उभे करायला फार पैसा लागणार नाही. यंत्रमागाच्या वीजसवलतीचा पुढचा निर्णय घेताना राज्य सरकारने त्या रकमेचा ठरावीक हिस्सा मोटर आणि माग बदलण्यासाठी राखून ठेवावा, आणि तो मिळवण्याची एकमेव अट बदलाआधी व बदलानंतर घेतलेले मीटरचे आकडे ही असावी.