कोर्टात उभा राहणारा वकील हवा

न्यू जर्सीत मोटार अपघातात कुणी जखमी झाले की दोन सल्ले घरपोच येतात. एक महामार्गाकडेच्या फलकावरून : या वकिलाने अमुक दशलक्ष डॉलर मिळवून दिले. दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवरून : “आमच्या घराचं क्लोजिंग ज्यांनी केलं ते चांगले आहेत, माझं नाव सांगा.” पहिल्यात फक्त जिंकलेला मोठा आकडा असतो, दुसऱ्यात फक्त ओळख. माझ्या मते निवड तिसऱ्याच प्रश्नावर व्हायला हवी : हा वकील वेळ आली तर खटला ज्युरीपुढे चालवेल का, आणि आजवर त्याने तसे खटले चालवले आहेत का?

पैशाचा मुद्दा आधी बाजूला काढतो, कारण इथे तो जवळजवळ निकालात निघालेला आहे. अपघाताच्या दाव्यात वकील सहसा ताशी पैसे घेत नाही. भरपाई मिळाली तर तिच्यातला हिस्सा घेतो, नाही मिळाली तर फी नाही. हा हिस्सा किती असावा हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नियमानेच बांधून दिले आहे. पहिल्या साडेसात लाख डॉलरवर जास्तीत जास्त एक-तृतीयांश, त्यापुढच्या साडेसात लाखांवर ३० टक्के, आणि पुढे आणखी कमी. शिवाय हा हिशेब दाव्याचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर करायचा असतो. ९०,००० डॉलरवर तडजोड झाली आणि खर्च ६,००० असेल, तर फी ८४,०००च्या एक-तृतीयांश, म्हणजे २८,००० डॉलर. अनेक वकील ही कमाल मर्यादाच लावतात. म्हणजे वर्षानुवर्षे ज्युरीपुढे उलटतपासण्या घेणारा आणि कोर्टाची पायरी क्वचितच चढणारा, दोघांचा भाव एकच. भाव ठरलेला असतानाही आंब्याची पेटी उघडून पाहणारे आपण लोक, वकिलाच्या बाबतीत मात्र पहिल्या फोनवरच सही करून मोकळे होतो.

यावर लगेच आक्षेप येईल की खटले कोर्टात उभे राहतातच कुठे? आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने ७५ मोठ्या काउंट्यांमधल्या १९९२ सालच्या अशा दाव्यांची पाहणी केली तेव्हा जेमतेम ३ टक्के दावे सुनावणीपर्यंत पोहोचले होते. पण माझा मुद्दा या आकड्याने कमकुवत होत नाही, उलट पक्का होतो. तडजोडीची रक्कम ठरते ती ‘हे कोर्टात गेले तर काय होईल’ या विमा कंपनीच्या अंदाजावर. समोरचा वकील तिथवर जाणारच नाही अशी कंपनीची खात्री असेल, तर जास्त पैसे देण्याचे तिला कारणच उरत नाही. त्यात फीच्या पद्धतीत एक गोम आहे. कंपनीने आज ६०,००० देऊ केले, तर वकिलाचा हिस्सा सुमारे २०,०००. तेच ९०,०००पर्यंत न्यायचे तर डॉक्टरांच्या जबान्या, तज्ज्ञांचे अहवाल, वर्षभराची धावपळ, आणि एवढे करून त्याच्या पदरात वाढीव दहा हजारांहूनही कमी पडणार. जखमी माणसासाठी तीच वाढ याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे प्रामाणिक वकिलालाही लवकर मिटवण्याचा मोह होऊ शकतो. तो मोह आवरणारा कोण, हे आधीच पाहावे लागते.

ते पाहण्याची सोयही आहे. न्यू जर्सीचे सर्वोच्च न्यायालय स्वतःच ‘सर्टिफाइड सिव्हिल ट्रायल अ‍ॅटर्नी’ असे प्रमाणपत्र देते. त्यासाठी प्रत्यक्ष खटल्यांचा अनुभव, सहकारी वकिलांचे आणि न्यायाधीशांचे अभिप्राय आणि परीक्षा लागते. फलकावरच्या आकड्यापेक्षा या प्रमाणपत्राला मी कितीतरी अधिक किंमत देईन. १९७७ साली ‘बेट्स’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना जाहिरातीची मुभा दिली, ते ग्राहकाला माहिती मिळावी म्हणून. मिळालेली मोठी रक्कम ही माहिती खरी, पण ती जखम केवढी होती आणि समोर विमा केवढ्याचा होता, हे फलक सांगत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आमचे मानेचे किंवा कमरेचे दुखणे. एवढ्याशा दाव्याला असला वकील हातही लावणार नाही. होऊ शकते. पण नकार मिळाला तरी तो कारणासह मिळतो, आणि हे कारण फुकटात मिळालेला मोलाचा सल्ला असतो. कारण बहुतेकदा तुमच्याच मोटार विम्यात दडलेले असते. प्रीमियम कमी व्हावा म्हणून इथे पुष्कळ लोक ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’ हा पर्याय घेतात. तो घेतला की मृत्यू, अवयव गमावणे, ठळक व्रण, मोडून सरकलेले हाड, गर्भहानी किंवा कायमची इजा यांपैकी काही असल्याशिवाय वेदनांची भरपाई मागता येत नाही. कायमच्या इजेसाठी प्रतिवादीचे उत्तर आल्यापासून ६० दिवसांत डॉक्टरांचे प्रमाणपत्रही द्यावे लागते. म्हणून पहिल्या भेटीत जो वकील समोरच्याची चूक ऐकण्याआधी ‘तुमच्या पॉलिसीचं डिक्लरेशन पेज दाखवा’ म्हणतो, तो जाणकार. अपघात एनजे ट्रान्झिटच्या बसचा किंवा नगरपालिकेच्या वाहनाचा असेल तर ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते. बाकीच्या दाव्यांना साधारण दोन वर्षे असतात. हा फरक त्याने आपणहून सांगायला हवा.

आणखी एक प्रश्न नोकरदारांनी जरूर विचारावा : माझ्या आरोग्य विम्याला किती परत द्यावे लागेल? मोठ्या कंपन्यांच्या आरोग्य योजना पुष्कळदा ‘सेल्फ-फंडेड’ असतात, म्हणजे उपचारांचा खर्च कंपनी स्वतःच्या पैशातून करते. १९९० साली ‘एफएमसी विरुद्ध हॉलिडे’ खटल्यात, वडिलांच्या नोकरीतल्या योजनेतून उपचार झालेल्या मुलीच्या प्रकरणात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अशा योजनांना, उपचारांचा खर्च भरपाईतून वसूल करायला मनाई करणारे राज्याचे कायदे लागू नाहीत. अर्थ सरळ आहे : तडजोडीच्या चेकवरचा आकडा वेगळा आणि हातात येणारा वेगळा. ही परतफेड कमी करून घेण्यासाठी कोण घासाघीस करणार, हे करारावर सही करण्याआधी विचारा.

‘आपला माणूस बरा’ या भावनेला मी नाक मुरडणार नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांना अपघात झाला तर त्यांचा मुक्काम बहुधा सहा महिन्यांचा. ते परतल्यावर जबानी कशी होणार, दुभाषी कोण देणार, विमा कंपनीने नेमलेल्या डॉक्टरची तपासणी कधी, हे आधीच ओळखणारा वकील लाखमोलाचा. पण भाषा जाणणारा सहायक चांगल्या फर्ममध्येही मिळू शकतो; ज्युरीपुढचा अनुभव मात्र उसना आणता येत नाही. क्लोजिंगवाल्या वकिलांनी दुसऱ्याचे नाव सुचवले तर तेही चांगलेच, कारण कोण कसा हे ते आपल्यापेक्षा जास्त जाणतात. फक्त सुचवण्याबद्दल त्यांना काही मिळणार आहे का, हे विचारायला संकोचू नका. इथे प्रमाणित वकिलांना अशी रेफरल फी देण्याची मुभा आहे. याउलट अपघातानंतर अनोळखी माणूस फोन करून अमुक वकिलाकडे किंवा क्लिनिककडे नेऊ पाहत असेल, तर फोन ठेवा. पैसे घेऊन अशी गिऱ्हाइके आणून देणे हा या राज्यात फौजदारी गुन्हा आहे.

मित्राच्या गाडीतून जाताना लागले, तर मित्रावर दावा कसा करायचा? मंडळींना हाच प्रश्न सर्वांत जास्त अडवतो. त्याचा विमा याचसाठी आहे, आणि विम्याच्या मर्यादेपर्यंतची भरपाई कंपनी देते. त्याचा प्रीमियम वाढू शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मैत्रीखातर दावाच न करता शस्त्रक्रियेनंतरचा बुडालेला पगार स्वतः सोसणे हा विचार मला पटत नाही. मर्यादेपलीकडे जाऊन मित्राच्या घराला हात लावायचा नाही, एवढे वकिलाला पहिल्याच दिवशी लेखी सांगता येते.

वकिलाची गरज पडेल तेव्हा पडेल. आज एवढे करा : मोटार विम्याचे डिक्लरेशन पेज काढा, ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’समोर काय लिहिले आहे ते पाहा, आणि बदलायचे असेल तर कंपनीला कळवा. झालेल्या अपघातासाठी तो पर्याय मागाहून बदलता येत नाही.